एक्कावन्न किलो, डब्यासकट

हार्बर लाइनवर मानखुर्दनंतर थेट वाशी. मध्ये स्टेशन नाही, खाडी आहे. एवढं एक ज्याला ठाऊक नाही त्याला माझं दुःख कळायचं नाही.

संध्याकाळच्या पनवेल लोकलमध्ये नेरूळ, बेलापूर, खांदेश्वरची मंडळी सीएसएमटीलाच दारात मुळं रोवून उभी राहतात. त्यांना अजून बराच पल्ला गाठायचा असतो, त्यामुळे मानखुर्दला उतरू पाहणारा माणूस त्यांना उगीच झोपमोड करणारा वाटतो. गोवंडी सुटलं की मी ‘मानखुर्द, मानखुर्द’ असा जप सुरू करतो. पुढे एखादा दणकट उतारू असला तर त्याच्या पाठीला चिकटून मी बाहेर पडतो, मालगाडीला शेवटचा डबा लागावा तसा. नसला तर गाडी थांबते, चार माणसं चढतात, मी दारापासून आणखी दोन फूट आत जातो आणि गाडी सुटते. मग पूल धडधडतो. उन्हाळ्याचे दिवस असले आणि उजेड उरला असला तर खाडीत गुलाबी फ्लेमिंगो दिसतात. ते बघायला लोक ऐरोलीहून तिकीट काढून बोटीने जातात. मला ते मासिक पासात पडतात. गेल्या मोसमात मी ते अकरा वेळा पाहिले, एकदाही इच्छा नसताना.

आमचे वडीलही माझ्याच अंगकाठीचे होते, पण नशीबवान. त्यांच्या उमेदीच्या काळात लाइन मानखुर्दलाच संपायची. शेवटचं स्टेशन, सगळेच उतरायचे, गर्दीच त्यांना उचलून फलाटावर ठेवायची. १९९२ साली रेल्वे खाडी ओलांडून वाशीला गेली. नव्या मुंबईचं भलं झालं आणि आमच्या घराण्याला स्नायूंची गरज निर्माण झाली.

अकराव्या फ्लेमिंगो-दर्शनानंतर वाशीहून उलटी गाडी धरून घरी पोचलो तेव्हा बायकोने विचारलं, ‘‘आज पण पक्षी?’’ त्या ‘पण’मुळे मी वजन वाढवायचं ठरवलं. नुसतं वजन नव्हे, मसल मास. हा शब्द आमच्या वस्तीतल्या जिमच्या काचेवर लिहिलेला होता आणि मराठीत त्याला काही नाव असेल असं तेव्हा मला वाटलं नाही. नंतर कोल्हापूरच्या मामाने सांगितलं, त्याला ‘अंग’ म्हणतात. ‘अंग धरलं’, ‘अंगात भरला’. पण मामा पुढे येईल.

आधी वजन करायचं. घरात काटा नव्हता. आम्ही राहतो लल्लूभाई कंपाउंडात, रुळांलगतचं जुनं घर रेल्वेच्या प्रकल्पात गेलं त्याबदली मिळालेल्या २२५ चौरस फुटांत. इथे कुठलीही वस्तू आणायची तर आधी कुठली बाहेर काढायची याचा निकाल लागावा लागतो. काट्यासाठी काही बाहेर काढायला आई तयार होईना. पण मानखुर्दला काट्यांची काय कमी? मंडाळ्याला भंगाराची एवढी गोदामं आहेत, आणि प्रत्येक गोदामात माणूस आडवा झोपेल एवढा वजनकाटा. कामावरून येताना तसाच गेलो. शेठने पत्र्याचे डबे उतरवायला लावले, मी वर चढलो. लाल आकडे थरथरले आणि ५१ वर थांबले.

‘‘डब्यासकट,’’ शेठ म्हणाले. माझ्या खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी होती. मग पुढच्या फ्रीजकडे बघत ते आपल्याशीच बोलले, ‘‘इससे तो फ्रीज ज्यादा आता है.’’

चौथीतल्या लेकीने लगेच गणिताच्या वहीचं शेवटचं पान फाडून— नाही, फाडू दिलं नाही, तिथेच रकाने आखले. पहिल्या रकान्यावर ‘पप्पा’. खाली ५१. ‘डब्यासकट’ हेही तिने कंसात लिहिलं. प्रामाणिकपणा आईकडून आलाय.

जिमच्या मास्तरचं वय बावीस, दंड माझ्या मांडीएवढा. त्याने माझ्याकडे घर बांधायच्या आधी माणूस रिकाम्या प्लॉटकडे बघतो तसं पाहिलं. म्हणाला, किलोमागे दोन ग्रॅम प्रोटीन. म्हणजे एकशे दोन ग्रॅम, रोज. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सर्वसाधारण माणसासाठीचा हिशोब किलोमागे ०.८३ ग्रॅमचा आहे. त्या हिशोबाने मला बेचाळीस पुरले असते. व्यायाम करणाऱ्याला १.६च्या आसपास लागतं असं बरेच जाणकार सांगतात, म्हणजे ब्याऐंशी. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि असतं तरी त्या दंडासमोर मी अपूर्णांक काढला नसता. घरी येऊन हिशोब केला. शिजलेल्या वरणाच्या वाटीत फार तर सहा ग्रॅम. एकशे दोनसाठी सतरा वाट्या. आईने विचारलं, ‘‘पितरं जेवायला येणारेत का?’’

मास्तरने तक्ता लिहून दिला. सहा वेळा खाणं. पहाटे ओट्स, मग दहा अंड्यांचा फक्त पांढरा भाग, मग ब्राऊन राईस, उकडलेलं चिकन ब्रेस्ट, ब्रोकोली, रताळं, रात्री पुन्हा कसलं तरी पांढरं. भात बंद, पोळी एक, साखर नाही, तूप नाही. आईने तक्ता चष्मा लावून दोनदा वाचला. ‘‘हे सगळं खाल्लंस तर जेवणार कधी?’’ ब्रोकोलीसाठी मी स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘फ्लॉवर घे, हिरवा झाला की तेच.’’

खरा घोळ अंड्यांनी घातला. दहा अंडी उकडायची, सोलायची, पांढरं मी खायचं. पिवळ्याचं काय? मास्तरचं म्हणणं, फेकून द्या. हे वाक्य मी घरात उच्चारलं तेव्हा आई गॅसपाशी उभी होती. तिने गॅस बंद केला. आमच्या घरात शिळ्या पोळीचा चुरा होतो, विरजणाच्या पातेल्यात पाणी घालून ते ताक म्हणून प्यायलं जातं, आणि मी रोज दहा बलक फेकणार होतो. ‘‘इकडे आण,’’ एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून घरात बलकाचं राज्य आलं. बलकाची भुर्जी, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात बलक, पोह्यांवर बलक कुस्करून, लेकीच्या डब्यात बलक-चटणीची पोळी. सकाळी सातला चित्र असं असायचं: एका कोपऱ्यात मी, पुढ्यात रबरासारखे वीस पांढरे अर्धगोल, मीठ-मिरी लावून, प्रत्येक घास घड्याळ गिळल्यासारखा. आणि तीन फुटांवर तव्यावर तुपात परतलेल्या बलकांचा वास, तिघी मांडी घालून, मधे तवा. बायको एकदा अगदी मनापासून म्हणाली, ‘‘तुमचं हे डाएट फार छान आहे हो.’’

महिन्याने सगळं कुटुंब मंडाळ्याच्या काट्यावर गेलं. आई एक किलो शंभर ग्रॅमनी वाढली होती. लेक चारशे ग्रॅम. बायकोचा आकडा लिहायला मला मनाई आहे. मी तीनशे ग्रॅम, आणि त्या दिवशी डबा जड होता.

कारण आता कळतंय. अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, बलकात पावणेतीन. म्हणजे जवळजवळ अर्धं प्रोटीन आणि बहुतेक सगळी ताकद मी रोज समारंभाने समोरच्या तव्यावर सोडत होतो. वजन वाढायला अंगाला लागतात त्यापेक्षा रोज तीन-चारशे कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात, आणि दहा पांढऱ्यांत सगळ्या मिळून दोनशेसुद्धा नसतात. वर माझा भात बंद. विटा आणून टाकल्या होत्या, गवंड्याला मात्र उपाशी ठेवलं होतं.

याच सुमारास खाली बादशाह आला.

तळमजल्याच्या चाचांनी बकरी ईदसाठी तीन महिने आधीच बोकड आणला. ईदच्या तोंडावर देवनारच्या बाजारात भाव आभाळाला टेकतात, म्हणून लहान घेऊन वाढवायचा, असा त्यांचा दरवर्षीचा नियम. काळा, कपाळावर पांढरा टिळा, आणि नाव बादशाह. जिन्याखाली बांधलेला असायचा. मी सकाळी ओट्स ढकलून निघायचो तेव्हा तो फणसाचा पाला खात असायचा. संध्याकाळी उशिरा (वाशीमार्गे) यायचो तेव्हा भिजवलेले चणे आणि मका. चाचा त्याला रोज इमारतीभोवती दोन फेऱ्या मारवायचे. लेकीचा त्याच्यावर जीव जडला. तिने वहीत नवा रकाना आखला. आईचा झाला, बायकोचा झाला (तो नंतर गिरवून काळा केलेला आहे), त्यापुढे ‘बादशाह’. आला तेव्हा अठ्ठावीस किलो.

दर रविवारी काट्यावर आता आमची वरात निघायची. पुढे चाचा आणि बादशाह, मागे लेक वही घेऊन, शेवटी मी. पहिल्या महिन्यात तो चार किलो वाढला. शेठने त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर कुणी मारली नाही. मी चाचांना विचारलं, काय देता? म्हणाले, ‘‘कुछ नहीं बेटा. टाइम पे खिलाता, पेट भर के खिलाता, टेन्शन नहीं देता.’’ मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहून, ‘‘तेरे को कौन खिलाता है?’’ मी मास्तरचं नाव सांगितलं. चाचांनी मान हलवली. ते बादशाहाशी बोलतानाही अशीच मान हलवायचे, पण तेव्हा त्यात माया असायची.

हरल्यावर माणूस पैसे खर्च करतो. मी व्हे प्रोटीनचा डबा घेतला. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरतं ते पाणी, त्याचीच गाळून वाळवून केलेली पूड. आई पनीर करते तेव्हा हे पाणी कणीक भिजवायला वापरते. तिला डब्याची किंमत सांगितली तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘इतक्या वर्षांत मी किती रुपये कणकेत घातले रे!’’ पहिला चमचा मी सकाळी दुधातून घेतला आणि गाडी पकडली. दूध मला लहानपणापासून मानवत नाही, हे मी विसरलो होतो. पोट विसरलं नव्हतं. चेंबूरला पहिली सूचना आली, कुर्ल्याला दुसरी. वडाळ्याला मी उतरलो. इतक्या सहज उतरलो की आयुष्यात तसा कधी उतरलो नव्हतो, दारातली माणसं माझा चेहरा बघूनच बाजूला झाली. त्या दिवसाबद्दल एवढंच पुरे.

डब्यात आता तांदूळ आहेत. आतला काळा चमचा आई कपड्यांच्या पावडरीला वापरते. माप अगदी बरोबर येतं म्हणते.

मास्तर खचला नाही. त्याने स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांचं नाव काढलं. पाण्यातलं शेवाळासारखं काहीतरी असतं, म्हणाला, नुसतं प्रोटीन. मी घरी येऊन वाचलं. खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंमध्ये जे लहान जातीचे, त्यांचं मुख्य अन्न हेच. चोच उलटी करून चिखलाचं पाणी गाळत दिवसभर ते हेच खातात. मी त्यांना अकरा वेळा जवळून पाहिलेलं. त्यांचे पाय पाहिलेले. गोळ्या घेतल्या नाहीत.

मग कोल्हापूरहून मामा आला. तरुणपणी तालमीत घुमलेला, आता गुडघे गेलेत पण मान अजून खांद्यातच आहे. त्याला तक्ता दाखवला. त्याने तो हातात घेऊन लांब धरला आणि विचारलं, ‘‘ह्यात खुराक कुठाय?’’ मग तो तास-दीड तास खुराकावर बोलला. पहाटे जोर-बैठका, मग थंडाई. रात्री भिजवलेले बदाम सोलून कुंडीत घोटायचे, नुसते वाटायचे नाहीत, घोटायचे, लोणी सुटेस्तोवर. त्यात खसखस, बडीशेप, म्हशीचं धारोष्ण दूध. दुपारी मटण, पांढरा रस्सा, तूप. संध्याकाळी लढत. शाहू महाराजांनी मल्लांना कसा खुराक बांधून दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान कसं उभं केलं, हे सांगताना त्याचा आवाज असा चढला की खालून बादशाह ओरडला. ‘‘पावडर खाऊन पैलवान झालेला मी तरी बघितला न्हाई बाबा,’’ मामाने समारोप केला.

‘‘पण मामा, हा खर्च?’’

‘‘त्याला संस्थान लागतंय लेका.’’

आमच्याकडे २२५ चौरस फूट होते. तरी मी पाव किलो बदाम आणले. दोन दिवस घोटले. घोटण्याने उजवा दंड दुखायला लागला, म्हणून जिमला गेलो नाही. घोटलेली थंडाई दुधातली, म्हणून मी प्यायलो नाही. तिघींनी प्यायली. बायकोचा रकाना काळा झाला तो त्याच आठवड्यात.

जाता जाता मामाने धीर द्यायला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि गट कितीचा? सत्तावन्न किलोचा. ‘‘म्हंजे तू काय लई लांब न्हाईस.’’ मला एकदम हुरूप आला. खाशाबांपेक्षा फक्त सहा किलो कमी! हे मी जेवताना दोन-तीनदा बोलून दाखवलं असावं. बायको ताट उचलता उचलता म्हणाली, ‘‘अहो, ते तेवढ्या वजनात हेलसिंकी गाठून आले. तुम्हाला मानखुर्द गाठता येत नाही.’’

ईद आली. आदल्या रविवारी बादशाह चाळीस किलो भरला, मी साडेबावन्न. लेकीला आम्ही दोन दिवस आत्याकडे ठाण्याला पाठवलं. मी सकाळी लवकर कामाला गेलो, सुट्टी असताना. संध्याकाळी दारावर टकटक झाली, चाचांचा नातू डबा घेऊन उभा होता, दरवर्षीसारखा. आईने झाकण उघडलं. बिर्याणीचा वाफाळता वास घरभर पसरला आणि आम्ही तिघं थोडा वेळ कुणीच कुणाकडे बघेना. मग आईने ताटं घेतली. मी जेवलो. दोनदा घेतलं. इतके महिने ज्या मसल मासच्या मागे धावत होतो तो शेवटी माझ्यात आला, फक्त मूळचा दुसऱ्याचा होता. खाली गेलो तेव्हा चाचा जिन्याखाली रिकाम्या खुंटीजवळ खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘खाया?’’ मी हो म्हणालो. ‘‘टाइम पे?’’ मी हो म्हणालो. ते बराच वेळ गप्प बसले, मीही बसलो.

लेक आली तेव्हा तिने वही मागितली. त्या रकान्याखाली तिने काही लिहिलं नाही, नुसती रेघ मारली, पट्टी धरून.

पुढे श्रावण. आईच्या घरात श्रावणात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. मास्तर म्हणाला, सोया चंक्स, शंभर ग्रॅममध्ये बावन्न ग्रॅम प्रोटीन. हे खरं आहे. पण शंभर ग्रॅम सुके सोया चंक्स भिजल्यावर किती होतात हे पॅकेटवर लिहायला हवं. मी रात्री पातेल्यात घातले, सकाळी झाकण वर उचललेलं होतं. आठवडाभर खाल्ले. ऑफिसात माझ्या शेजारच्या दोघांनी टेबलं बदलून मागितली आणि कारण लेखी द्यायला नकार दिला.

दिवाळीनंतर ऑफिसातल्या वर्सोव्याच्या एका सहकाऱ्याला माझी दया आली. जातिवंत कोळी माणूस. म्हणाला, ‘‘वेड्या, ओल्या बोंबलात नुसतं पाणी. पण वलांडीवर वाळव, पाणी गेलं की काय उरतं? शंभरात साठ ग्रॅम! तुझ्या डब्याच्या बापाला जमणार नाही.’’ दुसऱ्या दिवशी त्याने किलोभर सुके बोंबील आणून दिले, नव्या मोसमातले, खडखडीत, चंदेरी, वर्तमानपत्रात गुंडाळून वर सुतळी. पैसे घ्यायला तयार होईना, मी कोंबले. माझ्या मनात रात्रीच्या जेवणाचा बेत तयार होता. तव्यावर भाजून, ठेचून, कांदा, हिरवी मिरची, कोकम, आणि भाकरी. मास्तरच्या तक्त्यात नसलेलं आणि आईच्या तक्त्यात कायमचं असलेलं प्रोटीन. हे सहा महिने आधी का सुचलं नाही?

संध्याकाळची पनवेल लोकल. पुडकं छातीशी धरून मी आत शिरलो. मस्जिदपर्यंत कुणाला काही कळलं नाही. डॉकयार्डला एकाने खिडकीकडे तोंड केलं. कुर्ल्याची गर्दी आत आली, डबा तापला आणि बोंबलांनी सूत्रं हाती घेतली. चेंबूरला माझ्याभोवती वीतभर जागा झाली. गोवंडीला हातभर. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. हळूहळू दारापर्यंत एक सरळ, मोकळी गल्ली तयार झाली. नेरूळवाले, बेलापूरवाले, जे अकरा वेळा तसूभर हलले नव्हते, ते अंग चोरून, श्वास धरून उभे. मी त्या गल्लीतून चालत गेलो. धक्का नाही, जप नाही. छाती आपोआप पुढे आलेली. खाशाबा असेच उतरले असतील हेलसिंकीला.

दाराच्या दांड्याला टेकून एक पांढऱ्या टोपीचे काका उभे होते, पनवेलकडचे असावेत. सगळ्या डब्यात त्यांनी एकट्यानेच श्वास धरला नव्हता, उलट खोल घेतला होता. डोळे मिटलेले. ते उघडून त्यांनी माझ्या पुडक्यावर हात ठेवला.

‘‘वरसाव्याचे का रं?’’

मी म्हटलं, हो.

‘‘वाटलंच. कितीला पडले?’’

मी सांगितलं. महाग पडले, म्हणाले. मग सुतळी थोडी सैल करून, एक बोंबील अर्धा बाहेर काढून, वाकवून बघितला. मोडला. ‘‘पर माल चांगला हाय. करनार काय याचं?’’ मी ठेचा म्हणालो. ते हसले. ठेचा काय कुणीही करतं, म्हणाले, वांगं घाल, वांगं आणि बटाटा, आणि वाल असले सोललेले तर वाल. आंबट म्हणून कैरीची फोड, आता कैरी नसल तर चिंच. कोकम नको. मी म्हटलं, कोकम का नको, आमच्याकडे कोकमच घालतात. त्यांनी माझा दंड पकडला, म्हणजे जिथे दंड असतो ती जागा, आणि कोकमाविरुद्ध बाजू मांडायला लागले. मीही ऐकून घेणारा नव्हतो. आईच्या हातच्या कालवणाचा प्रश्न होता.

मग पायाखाली एकदम आवाज बदलला, पोकळ, धडधड. दोन्ही बाजूंना काळं पाणी आणि लांबवर वाशीचे दिवे.

‘‘तुला कुठं उतरायचं व्हतं?’’ काकांनी विचारलं.